वांगाच्या आधी ट्यूब उतरवावी लागली

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. आमच्या नाशिक जिल्ह्यात तेव्हा द्राक्षाची काढणी जोरात असते, त्यामुळे दवाखान्यात गर्दी कमी. ही ताई दुपारी दोनच्या सुमाराला आली. तोंडाला बांधलेला स्कार्फ तिने सोडलाच नाही. आधी पिशवीतून एक पातळ कॅरीबॅग काढून टेबलावर ठेवली. आत ट्यूबा होत्या, अकरा. दहा रिकाम्या, एक अर्धी. प्रत्येक ट्यूब खालून गुंडाळत, टूथपेस्ट पुरवून वापरतात तशी टोकापर्यंत पिळलेली.

“आधीचं काय काय लावलं ते घेऊन या, असं फोनवर सांगितलं होतं,” ती म्हणाली. मग स्कार्फ सोडला.

वय ३७. घरची दोन एकर द्राक्षबाग, नवरा-बायको दोघंही बागेत राबणारे. दोन्ही गालांवर, भुवयांच्या वर कपाळावर तपकिरी चट्टे. पण आधी नजरेत भरला तो लालपणा. गालांची कातडी इतकी पातळ झालेली की बारीक लाल शिरा कागदावर पेनाने ओढाव्यात तशा दिसत होत्या. हनुवटीच्या कडेला पुवाच्या बारीक पुटकुळ्या, कानशिलाजवळ दाट लव. मी बोट टेकवलं तर ती “स्स” करून मागे सरकली.

तिची तक्रार मात्र एकच होती. “वांग. पंधरा मेच्या आत जायला पाहिजे मॅडम, धाकट्या दिराचं लग्न आहे.”

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. लिहावंसं वाटलं कारण वांग हा आजार आणि वांगावरच्या ट्यूबेने होणारा आजार, हे दोन्ही तिच्या एकाच चेहऱ्यावर होते, आणि उपचाराचा क्रम चुकला असता तर दोन्ही वाढले असते. शिवाय इतिहास घेताना एक प्रश्न मीही विचारायची राहिले. तोही यात आहे.

चट्ट्यांचा इतिहास

पहिला डाग दुसऱ्या बाळंतपणात, अकरा वर्षांपूर्वी, पाचव्या-सहाव्या महिन्यात आला. बाळंतपणानंतर बराच फिका झाला, पण पूर्ण गेला नाही. आईलाही वांग होतं. गेल्या काही वर्षांत मजूर मिळेनात म्हणून ही स्वतः बागेत जास्त वेळ राहू लागली आणि तेव्हापासून चट्टे पसरले.

इथे बागेतलं काम समजून घेतलं पाहिजे. मांडवावरची द्राक्षं डोक्याच्या वर लोंबतात. विरळणी असो, डिपिंग (घड औषधाच्या भांड्यात बुडवणं) असो, बाई दिवसभर मान वर करून काम करते. कांदे लावणारीचा चेहरा जमिनीकडे असतो, द्राक्षातल्या बाईचा आभाळाकडे. पानांच्या फटींतून येणारं ऊन कपाळावर आणि गालांच्या उंचवट्यावर पडत राहतं. हातात डिपिंगचं भांडं असल्यामुळे ऊन आडवायला हातही मोकळा नसतो. मी हे तिला माझ्यासमोर करून दाखवायला लावलं. मान वर केली की चट्टे नेमके उजेडात यायचे.

घरगुती उपाय सगळे झाले होते. दुधात उगाळलेलं जायफळ, मसुराच्या डाळीचं पीठ, लिंबू. लिंबाने एकदा गाल भाजल्यासारखा झाला आणि बरा होताना आणखी काळा पडला. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीचा हा स्वभावच आहे: जिथे जिथे दाह होतो तिथे ती मागे काळसर खूण सोडते. म्हणून वांगावर घासणं, रगडणं, आंबट लावणं याने फायदा होत नाही, उलट होतं.

मग चौदा महिन्यांपूर्वी जावेने ट्यूबेचं नाव सांगितलं. गावातल्या मेडिकलमधून आणली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. तीन आठवड्यांत चेहरा उजळला. “लोक विचारायला लागले, काय लावतेस म्हणून.” मग सुटेना. दोन दिवस नाही लावली की आग व्हायची, लाल व्हायचं, म्हणून परत लावायची. वर्षभराने डाग ट्यूब लावूनही दिसू लागले.

ट्यूबेत काय असतं

तिच्या ट्यूबेवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना जुनी आहे. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्के ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्के डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांचं सूत्र मांडलं. हायड्रोक्विनोन रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतं, ट्रेटिनॉइन वरची कातडी लवकर बदलायला लावतं, आणि या दोघांमुळे होणारी जळजळ स्टिरॉइड दाबून ठेवतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मिश्रणात मोमेटासोनहून सौम्य स्टिरॉइड, ०.०१ टक्के फ्लुओसिनोलोन आहे, आणि तेही साधारण आठ आठवड्यांपुरतं वापरायचं म्हणून. वांगावर हे मिश्रण काम करतं, यात वाद नाही. मी स्वतः निवडक रुग्णांना ते थोड्या काळासाठी देते.

घोटाळा होतो तो मोमेटासोनसारखं जास्त ताकदीचं स्टिरॉइड आठ आठवड्यांऐवजी चौदा महिने चेहऱ्यावर राहिलं की. कातडी पातळ होते, शिरा रुंदावतात, लव वाढते, मुरमं येतात, आणि ट्यूब थांबवली की सगळा दाह उसळून वर येतो. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा म्हणतात. आपल्या देशात हे किती आहे, याचा एक अंदाज २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री पाहणीत मिळतो. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडचं मलम लावत होते. म्हणजे दर सात जणांत एक. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी ही अकरा ट्यूबांची पिशवी त्यानंतरची आहे.

मला या बाईचा राग आला नाही, येऊही शकत नाही. ट्यूब खरंच काम करत होती, तिला दिसत होतं. थांबवा असं सांगणारं कुणी तिला भेटलंच नव्हतं.

तपासणी

कातडी मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपने पाहिल्यावर तपकिरी जाळी दिसली, केसांच्या छिद्रांभोवती मोकळी जागा सोडून पसरलेली. वांगाचं हे नेहमीचं चित्र. जाळीच्या मधून लाल धागे गेलेले. मी मुद्दाम शोधत होते ते निळसर-राखाडी, माशाच्या अंड्यांसारखे ठिपके. हायड्रोक्विनोन फार काळ वापरल्यावर होणाऱ्या ओक्रोनोसिसची, म्हणजे कातडीत बसणाऱ्या निळसर काळेपणाची, ती खूण, आणि ते झालं तर परतीची वाट फार अवघड. ते नव्हते. मला हायसं वाटलं.

चेहऱ्यावरचं सगळं काळं वांग नसतं. लायकेन प्लेनस पिगमेंटोसस हा कातडीचा आजार राखाडी असतो, मानेवर आणि कानांमागेही जातो. केसांच्या डायने किंवा काळ्या मेंदीने आलेला काळेपणा केसांच्या रेषेशी सुरू होतो. साखर आणि वजन वाढलेल्यांना कानशिलांवर, कपाळाच्या कडेला जाड मखमली काळेपणा येतो. डिपिंगच्या जिबरेलिक ॲसिडची किंवा फवाऱ्याची ॲलर्जी असती तर हात आणि पापण्या आधी बोलल्या असत्या. यातलं काही जुळत नव्हतं.

थायरॉइडची टीएसएच तपासणी बरोबर आली. गर्भनिरोधक गोळ्या नाहीत, तांबी बसवलेली. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ कधी नाही, घरातही कुणाला नाही, गर्भपात नाही. मिश्री लावते का, हेही विचारलं. आपल्याकडे ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की बायका सरळ नाही म्हणतात, मिश्रीला त्या तंबाखू धरतच नाहीत. तिची सासू लावते, ती नाही.

मग गुण मोजले. सुधारित ‘मासी’ गुणांकनात कपाळ, दोन गाल आणि हनुवटी यांना वेगवेगळे गुण देतात: किती जागा व्यापली याचे शून्य ते सहा, किती गडद याचे शून्य ते चार. दोन्हींचा गुणाकार, मग कपाळ आणि गालांना ०.३ ने, हनुवटीला ०.१ ने गुणायचं. जास्तीत जास्त २४. तिचे ८.४ भरले. फोटो काढले, खिडकीजवळ, त्याच स्टुलावर बसवून, फ्लॅशशिवाय. नंतर प्रत्येक वेळी तीच जागा, तोच उजेड. वांगाच्या उपचारात फोटो नसेल तर डॉक्टर आणि रुग्ण दोघंही स्वतःची फसवणूक करून घेतात.

मला नाही म्हणावं लागलं

“लग्नापर्यंत जाईल ना?”

“नाही जाणार, ताई. आणि पहिला महिना आणखी वाईट दिसेल.”

तिचे डोळे भरले. शहरातल्या एका ठिकाणी तिला सहा सिटिंगचं लेझर पॅकेज सांगितलं होतं, लग्नाआधी ‘क्लिअर’ करून देतो म्हणून. तिने त्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते, द्राक्षाचे. मला तिथे मऊ बोलून वेळ मारून नेता आली असती. पण अशा पातळ, लाल, चिडलेल्या कातडीवर लेझर मारणं म्हणजे नुकत्याच भाजलेल्या जागेवर परत तवा टेकवणं. वांगासाठी वापरतात ते क्यू-स्विच्ड एनडी-याग, १,०६४ नॅनोमीटरचं, कमी ताकदीने वारंवार मारायचं. शांत कातडीवरही त्याचा फायदा टिकत नाही, थांबवलं की रंग परततो, आणि फार सिटिंग झाल्या तर काळ्यात पांढरे ठिपके उमटतात. ते पांढरे ठिपके घालवणं वांगाहून कठीण.

मी तिला भिंतीची उपमा दिली. ओल आलेल्या भिंतीवर वरून चुना मारला तर चार दिवस बरं दिसतं, पण पाझर चालूच असतो. वांगात रंग बनवणाऱ्या पेशी सतत चेतलेल्या असतात, त्यांच्याखालचा पडदा झिजलेला असतो, भोवती रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. ऊन, उजेड, संप्रेरकं, अनुवंश हे सगळे मिळून त्यांना चेतवतात. वर दिसतो तो फक्त डाग. सुश्रुतसंहितेत ‘व्यंग’ म्हणून याचं वर्णन आहे, तोंडावरचं न दुखणारं, पातळ, सावळं मंडळ. आपला ‘वांग’ हा शब्द त्यातूनच आलेला. इतक्या जुन्या दुखण्याला तीन महिन्यांत मुळासकट उपटून टाकणारं औषध आजही कुणाकडे नाही.

ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, “बरं, करा सुरू.”

पहिले सात आठवडे: फक्त उतरवणं

वांगावर या काळात काहीच दिलं नाही. तिहेरी ट्यूब बंद. तिच्या जागी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का, पहिला आठवडा रोज, दुसरा आठवडा एक दिवसाआड, मग बंद. रात्री टॅक्रोलिमस, ते दाह कमी करतं आणि स्टिरॉइड नाही. साबण बंद, साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीनदा. पुटकुळ्यांसाठी सहसा डॉक्सिसायक्लिन देतात, पण त्याने ऊन जास्त बाधतं, आणि ही तर दिवसभर उन्हात. मिनोसायक्लिन स्वतःच कातडी काळी करू शकतं. म्हणून ॲझिथ्रोमायसिन, आठवड्यातून तीन दिवस.

नवव्या दिवशी फोन आला. चेहरा सुजल्यासारखा, लालबुंद, रात्रभर आग. तिची जाऊ तिला म्हणत होती, “त्या मॅडमनी तोंड जाळलं तुझं.” मी हे आधी सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं, म्हणूनच तिने फोन केला, नाहीतर सरळ मेडिकल गाठलं असतं. थंड पाण्याच्या घड्या, फ्रीजमधलं मॉइश्चरायझर, चुलीपासून लांब. चुलीची धग हाही वांगाला आणि अशा चेहऱ्याला त्रास देणारा भाग. भाकऱ्या काही दिवस सासूने आणि मुलीने गॅसवर केल्या.

तिसऱ्या आठवड्यात साखरपुडा होता. पुढच्या तपासणीला ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, मी दोन रात्री लावली.” पिशवीतली अर्धी ट्यूब तिने परत नेऊन घरीच ठेवली होती. मी रागावले नाही. ज्या रुग्णाला खरं सांगायची भीती वाटते, त्याच्यावर उपचार करता येत नाहीत. ती ट्यूब तिने पुढच्या वेळी आणून दिली, टोपण घट्ट लावून, आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मार्चच्या शेवटाला लाली बसली. शिरा दिसत होत्या, पण आग नव्हती. आणि वांग? गुण ८.४ वरून ९.६ वर गेले होते. स्टिरॉइडने झाकलेलं होतं ते उघडं पडलं, डावा गाल जास्त गडद. फोटो शेजारी ठेवून तिला दाखवले. पहिल्या फोटोतला लालपणा दुसऱ्यात नाही, हे तिला स्वतःला दिसलं. तिथून ती माझ्यावर पूर्ण भरवसा ठेवू लागली, असं मला वाटतं.

उजेडाचा बंदोबस्त

हे मी पहिल्याच दिवसापासून सुरू केलं होतं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा उपचार हाच.

तिचा स्कार्फ मी हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरला आणि पलीकडे माझी बोटं हलवली. तिला बोटं मोजता आली. “एवढा उजेड पलीकडे जातो, तर ऊन तुमच्या गालावर येणार नाही का?” स्कार्फ बांधला की झालं, असं आपल्या गावोगावच्या बायकांना वाटतं, आणि तो बहुतेक वेळा अगदी विरळ कापडाचा असतो. तिने दुहेरी, घट्ट विणीचा, गडद सुती स्कार्फ शिवून घेतला. वर रुंद काठाची टोपी. पण मान वर करायच्या कामात टोपीचा काठही उपयोगाचा राहत नाही, म्हणून सनस्क्रीनला पर्याय नव्हता.

सावळ्या रंगाच्या लोकांत नुसतं अतिनील ऊनच नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेड, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, कातडी काळी करतो आणि तो काळेपणा जास्त दिवस टिकतो. साधं सनस्क्रीन, एसपीएफ कितीही असो, हा उजेड अडवत नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे रंगीत सनस्क्रीनमधला तपकिरी-पिवळसर रंग. रंगीत सनस्क्रीनचा आणखी एक फायदा असा की चेहरा पांढरा पडत नाही. पांढऱ्या सनस्क्रीनवर तिची पहिली प्रतिक्रिया होती, “भस्म फासल्यासारखं दिसतं हो.” आणि जे लावायची लाज वाटते ते कुणीही रोज लावत नाही.

मात्रा दोन बोटं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापर्यंत पट्टी काढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. सकाळी बागेत निघायच्या आधी एकदा, दुपारी भाकरी खाऊन तोंड पुसल्यावर एकदा. हिशेब केला तर पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे जेमतेम पुरते, आणि ती स्वस्त नसते. लेझरसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून वर्षभराचं सनस्क्रीन सुटलं. ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांना मी सनस्क्रीनवरून कॅलॅमाइनचा थर द्यायला सांगते. कॅलॅमाइनमध्ये झिंक ऑक्साइड असतं आणि त्याचा गुलाबी रंग थोड्याशा आयर्न ऑक्साइडचाच. पण त्याला एसपीएफचा आकडा नाही, तेव्हा सनस्क्रीनच्या जागी ते चालत नाही.

मी न विचारलेला प्रश्न

मार्चअखेरीस वांगावरचे उपचार सुरू केले. ॲझेलाइक ॲसिड १० टक्के, आधी एक रात्रीआड, मग रोज, पुढे २० टक्के. ते रंग कमी करतं आणि लाल, पुटकुळ्यांच्या चेहऱ्यालाही मानवतं, म्हणून हिच्यासाठी हायड्रोक्विनोनपेक्षा तेच बरं. जोडीला पोटातून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा आठवड्यांचा बेत.

तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, “ही तर अंगावर जायचं थांबवायची गोळी. माझ्या बहिणीला दिली होती.” बरोबर होतं. वांगावरचा तिचा गुण १९७९ मध्ये जपानमध्ये योगायोगाने लक्षात आला, अंगावर गांधी उठण्याचा जुनाट त्रास असलेल्या रुग्णाला ती दिली आणि वांग फिकं झालं. वांगासाठी आपण ती मात्रा कमी करून, अधिकृत मान्यतेबाहेर वापरतो, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. रक्त गोठण्याच्या यंत्रणेत ती हात घालते, म्हणूनच गाठींचा इतिहास, गर्भनिरोधक गोळ्या, तंबाखू यांचे प्रश्न मी आधी विचारले होते.

एप्रिलच्या शेवटी ती आली तेव्हा गुण ६.६ होते. ती खूश होती. निघता निघता दारातून म्हणाली, “मॅडम, हळदीच्या दिवशी माझी तारीख येतेय. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेऊ ना? दरवेळी घेते मी.”

मी तिला परत बसवलं. गेल्या वर्षात तिने त्या तीन वेळा घेतल्या होत्या. गौरी-गणपतीला, नवरात्रात, आणि घरच्या जागरण-गोंधळाला. गोळी नोरएथिस्टेरॉनची, दिवसातून तीन, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. मी तिला विचारलं होतं, ‘गर्भनिरोधक गोळ्या घेता का?’ आणि तिने खरंच ‘नाही’ म्हटलं होतं. पाळी लांबवायच्या गोळीला ती गर्भनिरोधक का म्हणेल? मिश्रीचा प्रश्न मी बरोबर विचारला आणि हा चुकवला.

आणि हा प्रश्न दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा होता. नोरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये बदलतो. रोज १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या संमिश्र गोळीसारखं वागतं. म्हणजे गाठ होण्याचा धोका वाढवणारी एक गोळी आणि रक्ताची गुठळी विरघळू न देणारी दुसरी, एकाच वेळी. शिवाय संप्रेरकं वांग चेतवतात ती वेगळीच. वर्षातून तीनदा हे होत होतं आणि माझ्या कागदावर त्याची नोंद नव्हती.

मी तिला दोन्ही गोष्टी समजावल्या. माझं मत होतं की पाळी येऊ द्यावी. पण देवक बसायचं, हळद लागायची, घरची मोठी सून ती, आणि त्या घरात पाळी आलेली बाई मांडवात बाजूला बसते. हा प्रश्न माझ्या दवाखान्यात एका दुपारी सुटणार नव्हता. तिने गोळ्या घ्यायचं ठरवलं. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी रक्तदाब आणि बाकी तपासून मोजक्या दिवसांसाठी परवानगी दिली. ट्रॅनेक्झॅमिक त्याच दिवशी बंद. लग्नानंतर पाळी येऊन गेल्यावरच पुन्हा सुरू करायचं. पायाला एका बाजूने सूज, दुखणं, दम लागणं असं काही झालं तर तडक दवाखाना, हे तिच्या नवऱ्यालाही सांगितलं.

तेव्हापासून माझ्या छापील फॉर्मवर एक वेगळी ओळ आहे: “सणावाराला, लग्नाला पाळी पुढे ढकलायची गोळी घेता का? शेवटची कधी घेतली?” त्या ओळीला किती बायका ‘हो’ म्हणतात, हे पाहून मला पूर्वीच्या कागदांची काळजी वाटते.

लग्न आणि पावसाळा

लग्नाच्या दिवशी तिने रंगीत सनस्क्रीनवर हलका मेकअप केला. मेकअपवालीला आधीच सांगितलं होतं की घासायचं नाही, ब्लीच नाही, फेशियल नाही. फोटो तिने मला मोबाइलवर दाखवले. कपाळ जवळपास मोकळं, गालांवर सावली आहे, पण ती पहिल्याच रांगेत उभी आहे, स्कार्फशिवाय.

जूनमध्ये ट्रॅनेक्झॅमिक पुन्हा, आठ आठवडे. पावसाळ्यात सनस्क्रीन सुटतं, हा माझा दरवर्षीचा अनुभव. ढग आले की ऊन नाही असं वाटतं, पण अतिनील ‘ए’ किरणं ढगांतून येतातच. तिने दुपारचा हात सोडला होता, सकाळचा धरून ठेवला. तेवढंही चांगलंच. ऑगस्टच्या सुरुवातीला, सहा महिन्यांनी, गुण ३.० होते. डावा गाल उजव्यापेक्षा थोडा गडद, कपाळावर नावापुरतं. शिरा कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत, लव बरीच ओसरली. ट्रॅनेक्झॅमिक बंद केलं. ॲझेलाइक चालू ठेवलं. हलकं पील (औषधाने कातडीचा वरचा थर सोलणं) करावं का, हा विचार मनात आला होता, पण एकदा इतकी चिडलेली कातडी पुन्हा चिडवायची हिंमत मी केली नाही, आणि तिलाही घाई उरली नव्हती.

ऑक्टोबर छाटणी झाली, विरळणी आणि डिपिंगचे दिवस आले. नोव्हेंबरच्या अखेरीला ती आली तेव्हा गुण ३.९. दोन्ही गाल थोडे परत गडद. तिला वाटलं आपलं काही चुकलं. मी सांगितलं, चुकलं नाही, मान वर करायचे महिने आहेत हे. वांग असंच वागतं, उन्हाळ्यात आणि कामात वर येतं, जपलं तर खाली बसतं. पहिल्या दिवसाच्या फोटोशेजारी आजचा ठेवला आणि ती स्वतःच म्हणाली, “हे तर काहीच नाही मग.”

सध्या दुपारचं सनस्क्रीन परत सुरू, रात्री ॲझेलाइक २० टक्के, पोटातलं काही नाही. दिवाळीत पाळीच्या गोळ्या घेतल्या नाहीत, असं तिने न विचारता सांगितलं. पुढची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली, खरड छाटणीच्या आधीची. तेव्हा गुण मोजून ट्रॅनेक्झॅमिकचा आणखी एक छोटा हप्ता द्यायचा की नाही ते ठरवू. येताना जावेला घेऊन ये, आणि तिची ट्यूबही, असं मी चिठ्ठीच्या खाली लिहून दिलंय.